बुधवारचा नंबर सोमवारी

आधी एक गोष्ट सांगून टाकते. भूत, करणी, संकेत, कोणी स्वप्नात येऊन सांगणं... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. खरं म्हणजे आजही नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी दुपारच्या चहासोबत वाचते आणि दर दुसऱ्या अनुभवात कच्चा दुवा शोधून काढते. "गाडी आपोआप बंद पडली" असं कोणी लिहिलं की खाली माझी कमेंट असते, "पेट्रोल पाहिलं होतं का?" दोघा-तिघांनी त्यावरून मला ब्लॉकही केलंय. त्यामुळे आज मीच लिहायला बसले म्हटल्यावर काही जण हसतील. हसा, हरकत नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा आणि कच्चा दुवा सापडला तर मला कळवा. मी स्वतः चार महिने शोधतेय.

मी अमरावतीला एका छोट्या कंपनीत प्रोग्रामर आहे. आम्ही एकूण सात जण. पुण्यातल्या मैत्रिणी विचारतात, "अमरावतीत बसून कसलं सॉफ्टवेअर लिहितेस गं?" मी सांगते, तुझ्या कॉटनच्या कुर्त्याचा कापूस ज्या मशीनमध्ये दाबला जातो ना, ती मशीन माझं ऐकते. जिनिंगमध्ये सरकी काढून झाली की रुई एका लोखंडी डब्यात भरतात, वरून दट्ट्या येतो आणि रुई दाबून तिची गाठ बनवतो. त्या प्रेसचा प्रोग्राम मी लिहिते. दट्ट्या कधी खाली यावा, किती दाबावं, कधी थांबावं हे सगळं त्यात असतं.

आता थोडं तांत्रिक सांगावं लागेल, पण सोपं करून सांगते, कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

प्रत्येक प्रोग्रामला आवृत्तीचा नंबर असतो. बऱ्याच ठिकाणी तो माणूस ठरवतो, आणि माणूस विसरतो. म्हणून आमच्या ऑफिसात मी एक पद्धत बसवली. प्रोग्राममध्ये काही बदल केला की तो गिट नावाच्या व्यवस्थेत नोंदवावा लागतो. या नोंदीला आम्ही कमिट म्हणतो. प्रत्येक कमिटला तारीख असते आणि त्या तारखेवरूनच नंबर आपोआप तयार होतो... वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवसातला कितवा बदल. २६.१.९.२ म्हणजे सव्वीस सालच्या नऊ जानेवारीचा दुसरा बदल. मशीनचं घड्याळ चुकलं, बॅटरी गेली, काहीही झालं तरी नंबर बदलत नाही, कारण तो मशीन ठरवतच नाही. ज्या दिवशी मी काम केलं तो दिवस त्यात कोरलेला असतो. या पद्धतीचा मला भयंकर अभिमान होता. नवीन पोरं जॉइन झाली की मी त्यांना अर्धा तास हेच ऐकवायची.

नंबराच्या पुढे सात खुणांचा एक कोड येतो. त्यात आकडे असतात आणि ए ते एफ ही सहा इंग्रजी अक्षरं. हा कोड कोणी ठरवत नाही. प्रोग्रामचा सगळा मजकूर, त्याचा आधीचा सगळा इतिहास, बदल करणाऱ्याचं नाव, नोंदीची वेळ — अगदी सेकंदापर्यंत — हे सगळं एकत्र दळून तो निघतो. एक स्वल्पविराम जास्त पडला किंवा एक सेकंद उशीर झाला, तर कोड पार वेगळा येतो. एवढं लक्षात ठेवा.

आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे अकोटची एक जिनिंग. तिथल्या प्रेसवर यूसुफभाई आहेत. वय पंचावन्नच्या आसपास, गळ्यात कायम एक चौकटीचा रुमाल, आणि डाव्या हाताला तीनच बोटं. दोन बोटं तरुणपणी दुसऱ्या एका गावच्या जुन्या प्रेसने घेतली. ते स्वतः हे अगदी सहज सांगतात, "एक बोट माह्या चुकीनं गेलं, एक मशीनच्या." पण त्या हाताकडे पाहूनच मी त्यांच्या प्रेससाठी दाराचं काम हाती घेतलं होतं. डब्याला पुढून एक दार आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी तेल गरम व्हावं म्हणून प्रेस दहा-पंधरा मिनिटं रिकामीच खालीवर चालवतात, आणि त्याच वेळात यूसुफभाई दार उघडून खाचेत अडकलेली आदल्या दिवशीची रुई हाताने ओढून काढतात. असं करू नका म्हणून सांगून झालं, पण वर्षानुवर्षांची सवय. मग मी ठरवलं की सवय बदलत नसेल तर मशीन बदलू. दार उघडलं की दट्ट्या जिथे असेल तिथे थांबला पाहिजे.

त्या जिनिंगचा एक नियम आहे, आणि तोही माझाच. एकदा चुकून तिथे जुना प्रोग्राम चालू राहिला होता, तेव्हापासून यूसुफभाईंनी रोज सकाळी आठला मला फोन करून पडद्यावरचा नंबर वाचायचा, मी माझ्या यादीशी जुळवायचा आणि "चालू करा" म्हणायचं. मग प्रेस सुरू. यूसुफभाई शाळा चौथीपर्यंत शिकलेले, उर्दू माध्यमाची. पण या कामासाठी ते ए ते एफ ही सहा अक्षरं हट्टाने शिकले. प्रेसच्या बाजूला पत्र्याचा काळा बोर्ड आहे, त्यावर रोज खडूने पूर्ण ओळ उतरवतात, नंबर आणि कोड. रविवारी बोर्ड पुसतात. मला मात्र घाई असायची. ते कोडपर्यंत आले की मी म्हणायची, "राहू द्या यूसुफभाई, नंबर जुळला, बस झालं." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "मशीननं एवढं लिवलं तर काही कामाचंच लिवलं असन ना ताई." आणि मी फोन ठेवायची.

तर... नऊ जानेवारी, शुक्रवार. मी दाराचं काम पूर्ण केलं आणि शनिवारी नवीन प्रोग्राम इंटरनेटवरून अकोटच्या मशीनवर चढवला. नंबर होता २६.१.९.२. रविवारी जिनिंग बंद.

सोमवारी, म्हणजे बारा तारखेला, सकाळी आठला फोन आला. मी डबा भरत होते, फोन स्पीकरवर.

"ताई, वाचू का?"

"वाचा."

"सव्वीस, एक, चौदा, एक."

मी पोळी गुंडाळता गुंडाळता थांबले. "चौदा नाही, नऊ असेल. नऊ, दोन."

"नाई ताई. चौदा, एक. आन् म्होरं चार, सी, शून्य, ई, नऊ, बी, एक."

"अहो यूसुफभाई, आज बारा तारीख आहे. चौदा अजून यायची आहे. चष्मा लावला का?"

"चष्मा लावूनच पाहून राहिलो. बोर्डावर उतरवलं बी."

फोटो पाठवा म्हणायची सोय नव्हती, त्यांचा फोन बटनांचा. मी त्यांना सांगितलं, मशीन बंद करून पुन्हा चालू करा. त्यांनी केली. दोन मिनिटांनी म्हणाले, "आता नऊ, दोन आलं."

"झालं तर मग. पडद्यावर काहीतरी कचरा आला असेल. चालू करा."

ते मग शांतपणे म्हणाले, "मी नाई चालवत."

"काहून?"

"एकाच मशीनले दोनदा इचारलं तं दोन गोष्टी सांगते. जो दिवस उगवलाच नाई, त्याचा नंबर सांगते. तुमी या आन् पाहा. तुमी म्हनान तं मंग चालवतो."

मी चिडले. स्पष्टच लिहिते, खूप चिडले. असा नंबर येणं शक्यच नव्हतं. शक्य नव्हतं हे मी कोणापेक्षाही जास्त खात्रीने सांगू शकत होते, कारण ती पद्धत माझी होती. शिवाय चौदाला संक्रांत. मी सुट्टी टाकलेली होती, घरी हळदीकुंकू होतं, त्या दिवशी लॅपटॉप उघडायचा नाही असं सासूबाईंना वचन दिलेलं होतं. म्हणजे चौदा तारखेचा कमिट होणारच नव्हता. यूसुफभाई म्हातारे झाले, एवढाच अर्थ मी काढला. दिवसभर अकोटच्या मॅनेजरचे आमच्या सरांना फोन. सर म्हणाले, उद्या जाऊन ये आणि म्हाताऱ्याची समजूत काढ.

मंगळवारी सकाळची एसटी पकडली. वलगाव माझं माहेर, गाडी तिथे थांबली तेव्हा आईने खिडकीतून भोगीचा डबा दिला, तो मांडीवर घेऊन मी दर्यापूरमार्गे अकोटला पोचले. पूर्ण रस्ताभर यूसुफभाईंना काय काय ऐकवायचं ते मी मनात घोळवत होते.

प्रेस बंद. यूसुफभाई बोर्डाखाली स्टूल टाकून बसलेले. मला पाहून उठले, पाणी दिलं. बोर्डावर सोमवारची एकच ओळ होती, त्यांच्या जाड अक्षरात. २६.१.१४.१ आणि पुढे कोड, चार-सी-शून्य-ई-नऊ-बी-एक. मी मोबाइल काढला, फोटो घेतला आणि आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आमच्या मशीनला भविष्य दिसतं. कोणाला लॉटरीचा नंबर हवा असेल तर सांगा." सगळ्यांनी हसण्याच्या खुणा पाठवल्या. मंगळवार, तेरा जानेवारी, दुपारी बारा वाजून सात मिनिटं. तो मेसेज आजही तिथे आहे.

मग मी पडदा पाहिला. २६.१.९.२. सगळं व्यवस्थित. कोडाकडे मी नेहमीसारखंच पाहिलं नाही.

"हे पाहा यूसुफभाई," मी म्हटलं, "नंबर बरोबर आहे. आता दार उघडं ठेवून मी मशीन चालू करते. दट्ट्या हलणार नाही. तुमची खात्री पटावी म्हणून मी आत हात घालून दाखवते."

हो, मी हे बोलले. आणि नुसती बोलले नाही, बांगड्या मागे सारून, बाही वर करून डब्यासमोर उभीही राहिले. एवढी खात्री होती मला.

यूसुफभाईंनी माझं मनगट धरलं. त्यांची तीन बोटं माझ्या हातावर घट्ट बसलेली मला अजून जाणवतात.

"हात नाई, ताई. हात मंग घालजा. पयले हे ठेवा." आणि कोपऱ्यातला झाडू त्यांनी डब्यात आडवा ठेवला.

मी हसले. सवय पडलीच होती म्हाताऱ्या माणसाचं मन राखायची. "ठेवा," म्हटलं आणि बटन दाबलं.

दट्ट्या खाली आला.

दार सताड उघडं होतं आणि दट्ट्या न थांबता, न अडखळता, नेहमीच्या गतीने खाली आला. झाडूची बांबूची दांडी मोडल्याचा आवाज झाला. वर गेला. पुन्हा खाली आला. तेल गरम करायला जसा चालतो तसाच. यूसुफभाईंनी लाल बटन दाबून बंद केला. मी तिथेच खाली, रुईवर बसले. माझ्या हाताकडे पाहत होते. पाणी त्यांनीच दिलं पुन्हा.

"सोमवारी तुमी हो म्हनल्यावर चालू केली असती," ते म्हणाले, "तं मी आत हात घालून बसलो असतो. दार थांबवते म्हनून तुमीच सांगतलं होतं मले."

त्यात ओरडा नव्हता, टोमणा नव्हता. म्हणून जास्त लागलं.

मग मी लॅपटॉप उघडला आणि ऑफिसात नोंदवलेला कोड मशीनवरच्या कोडाशी जुळवून पाहिला. नंबर तोच, २६.१.९.२. कोड वेगळा. म्हणजे मशीनवर जो प्रोग्राम होता तो माझा शेवटचा प्रोग्रामच नव्हता.

कारण शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. माझ्या टेबलावर दार नसतं ना, म्हणून चाचणीपुरती मी एक ओळ टाकली होती, "दार बंद आहे असं धरून चाल." शुक्रवारी त्या ओळीसकट कमिट केला, प्रोग्राम तयार केला. मग आठवलं, ओळ काढली. पण नवीन कमिट केला नाही, आधीच्याच कमिटमध्ये दुरुस्ती केली. आम्ही सगळेच असं करतो, इतिहास स्वच्छ दिसावा म्हणून. समजा पाकिटात चिठ्ठी घालून वर तारीख लिहिली, मग पाकीट उघडून चिठ्ठी बदलली आणि पुन्हा चिकटवलं. वरची तारीख तीच राहते. गिटनेही पहिली तारीख तशीच ठेवली, दिवसातल्या बदलाचा क्रमांकही दोनच राहिला. त्यामुळे दोन वेगळे प्रोग्राम, एकाच नंबराचे. एक दार पाहणारा, एक न पाहणारा. आणि शनिवारी मी चुकीचा चढवला. फरक फक्त कोडात दिसला असता, जो यूसुफभाई रोज वाचायला तयार होते आणि मी रोज ऐकायला तयार नव्हते.

तुम्ही म्हणाल, इथपर्यंत अमानवीय काय आहे? बरोबर आहे. इथपर्यंत फक्त माझी चूक आहे. मीही एसटीत परत येताना हेच म्हणत होते. सोमवारचा नंबर हा पडद्याचा बिघाड, त्यामुळे योगायोगाने माझी चूक सापडली. डोकं ठिकाणावर ठेवायला एवढं पुरेसं होतं.

घरी आल्यावर सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, शुक्रवारचा बरोबर प्रोग्राम आत्ताच पाठवून टाक. मी नाही म्हटलं. एकाच नंबराचे दोन प्रोग्राम जगात असताना उद्या यूसुफभाईंनी नंबर वाचला तर मी कशाच्या भरवशावर "चालू करा" म्हणू? नंबर बदललाच पाहिजे, म्हणजे नवीन कमिट पाहिजे. आणि यूसुफभाईंच्या झाडूवरून मला एक सुचलंही होतं. रोज सकाळी प्रेसने आधी दार उघडून दाखवायला सांगावं, मग बंद करायला सांगावं. दार खरंच कळतंय अशी खात्री झाल्याशिवाय दट्ट्या हलूच नये. एक-दोन तासांचं काम. पण ते मी गुरुवारी करायचं ठरवलं. एक तर संक्रांतीचं वचन होतं. आणि दुसरं कारण लपवत नाही... बुधवारी केला असता तर नंबर २६.१.१४.१ आला असता. मला ते नको होतं. पडद्याच्या बिघाडाने माझं टाइमटेबल ठरवावं, हे मला पटण्यासारखं नव्हतं. मी पंधरा तारखेलाच करणार होते, मुद्दाम.

बुधवारी सकाळी तिळाच्या वड्या थापत होते तर मॅनेजरचा फोन.

"मॅडम, गेटवर कपाशीच्या गाड्या लागून हायत. यूसुफ नाई म्हन्ते तं मी दुसरा मानूस बलावला. दहाले प्रेस चालू करून राहिलो. दार बंद ठिवतो, काय होते?"

मी म्हटलं, "त्या माणसाला दाराचं माहीत आहे का?"

"त्याले काय सांगाचं? तो दार उघडनच नाई."

तो दार उघडणार होता. तिथला प्रत्येक प्रेसवाला उघडतो. घड्याळात सव्वाआठ झाले होते. मी मॅनेजरला म्हटलं, दहाच्या आत नवीन प्रोग्राम देते, तोवर कोणालाही हात लावू देऊ नका. आणि यूसुफभाईंना तिथेच थांबवा.

सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "जा, वड्या मी करते."

तेलकट हातानेच बसले. लिहिलं, तपासलं, यावेळी खरं दार नाही म्हणून टेबलावर एक साधा स्विच जोडून दहा-दहा वेळा तपासलं. मध्येच मुलगी पतंगाचा मांजा सोडवायला आली, ती पाच मिनिटं गेली. कमिटखाली काय बदल केला ते एका ओळीत लिहावं लागतं, तिथे मी टायपिंगची चूक केली, खोडली, पुन्हा लिहिली. मग एंटर दाबला. नऊ वाजून एक्केचाळीस मिनिटं आणि काही सेकंद. नंबर आला २६.१.१४.१.

त्याचं मला काही वाटलं नाही. चौदा तारखेला केलेल्या पहिल्या कमिटचा नंबर दुसरा काय येणार? थोडं हसूही आलं की शेवटी आजच करावं लागलं. प्रोग्राम अकोटला चढवला आणि यूसुफभाईंना फोन लावला.

"यूसुफभाई, पडद्यावर काय आहे ते पूर्ण वाचा. कोडासकट. मी ऐकतेय."

"पूर्न?" त्यांना नवल वाटलं.

"पूर्ण. आजपासून रोज पूर्ण."

"सव्वीस, एक, चौदा, एक," त्यांनी सुरुवात केली. माझ्यासमोर माझ्या पडद्यावर कोड होता, मी बोट ठेवून जुळवत होते. "चार... सी... शून्य... ई... नऊ... बी... एक."

"जुळलं," मी म्हटलं. "बोर्डावर उतरवा आणि आधी दार उघडून..."

तिकडून खडू खाली ठेवल्याचा आवाज आला.

"यूसुफभाई?"

"ताई," ते म्हणाले, "उतरवू काय? हे तं आदीच लिवलेलं हाय."

मला पहिल्यांदा समजलंच नाही. मग समजलं, आणि मी ऑफिसचा ग्रुप उघडला, मंगळवारचा फोटो मोठा केला. काळा बोर्ड, जाड खडूचं अक्षर. चार, सी, शून्य, ई, नऊ, बी, एक. माझ्या लॅपटॉपवर, दहा मिनिटांपूर्वी जन्माला आलेला कोड. सातच्या सात.

नंबराचा अंदाज कोणीही करेल. कोडाचा कोणी करू शकत नाही. सात खुणांचे सव्वीस कोटींच्या वर प्रकार होतात. त्यात मी सोमवारी न लिहिलेला मजकूर होता, मंगळवारी सुचलेली कल्पना होती, मांज्यात गेलेली पाच मिनिटं होती, टायपिंगची चूक खोडायला लागलेले सेकंद होते. मी लाटणं थोडं उशिरा सोडलं असतं तरी तो वेगळा निघाला असता. आणि तो यूसुफभाईंनी दोन दिवस आधी चष्मा लावून पडद्यावरून वाचला होता.

मी शोधलं नाही असं नाही. मशीनच्या नोंदी काढल्या, त्यात सोमवारी सकाळी फक्त २६.१.९.२ आहे. आमच्या सर्व्हरवर तो कोड बुधवारी नऊ एक्केचाळीसच्या आधी कुठेही नाही. फोटोची वेळ तपासली, ग्रुपमधल्या सहाही जणांच्या फोनवर तो मंगळवारचाच आहे. पुण्याच्या एका हुशार मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, तुझ्या ऑपरेटरने थट्टा केली. मी विचारलं, कशी? त्याने दोन दिवस विचार करून कळवलं की माहीत नाही. यूसुफभाईंनाही मी सरळ विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली? ते म्हणाले, "कायची? मले तं मशीननं 'थांब' म्हनून सांगतलं. जो थांब म्हन्ते त्याले भ्याचं कायले?"

अकोटच्या प्रेसला आता दाराची वायर थेट मोटरला जोडलेली आहे. प्रोग्राम काहीही म्हणो, दार उघडलं की वीजच तुटते. हे मी आधीच करायला हवं होतं. आमच्या ऑफिसात कमिट झाल्यावर त्यात दुरुस्ती करायला बंदी आहे, नंबर नुसता कोणी विचारत नाही, आणि नवीन पोरांना मी अर्धा तास माझी पद्धत ऐकवते तेव्हा ती कुठे फसली तेही सांगते. बोर्डावरची ती ओळ यूसुफभाईंनी पुसलेली नाही, रविवारी तिच्याभोवतीनं पुसतात. रोज सकाळी आठला फोन येतो आणि मी हातातलं काम ठेवून सातही खुणा ऐकते.

अंधश्रद्धा मी अजूनही मानत नाही. उद्या कोणी इथे लिहिलं की गाडी आपोआप बंद पडली, तर मी पेट्रोलचं विचारणारच. पण सोमवारच्या त्या ओळीचं माझ्याकडे उत्तर नाही, आणि नाही हे मी मान्य करते. एवढंच ठाऊक आहे की मंगळवारी दुपारी बाही वर सारून मी त्या डब्यासमोर उभी होते. यूसुफभाईंची आठ आणि माझी दहा, अशी अठराच्या अठरा बोटं आज जागेवर आहेत, आणि हे सगळं मी त्यातल्या दहांनी टाइप केलं आहे.